डी क्लासला दम नाही, हे कसं सिद्ध करावं
नवशिक्यांसाठी नऊ पायऱ्यांची मार्गदर्शिका

नंदुरबार जिल्ह्यात अ‍ॅम्प्लिफायरबद्दल दोन मतं आहेत. पहिलं मत असं, की डी क्लासचा आवाज कोरडा असतो आणि तो टिकत नाही. दुसरं मत असं, की पहिलं मत बरोबर आहे. नवापूरपासून धडगावपर्यंत कुठल्याही मांडवामागे उभे राहा, कुणीतरी काळ्या डब्याकडे बोट दाखवून म्हणतंच, ‘यामा काही दम नही, भो.’

मत एवढं पक्कं असलं की पुराव्याची घाई नसते. पण अधूनमधून एखादा नवशिका विचारतो, ‘कशावरून?’ अशा वेळी हाताशी एक मेलेला अ‍ॅम्प्लिफायर असला की चर्चा लवकर आटोपते. तो कसा मिळवावा, हे इथे सांगितलं आहे. आवाज बिघडवणं आणि आयुष्य घटवणं ही दोन्ही कामं एकाच लगीनसराईत, घरच्याच माणसांच्या मदतीने उरकता येतात. शिक्षणाची अट नाही. किंबहुना शिक्षण आडवं येतं.

साहित्य

डी क्लासचा एक बोर्ड किंवा तयार अ‍ॅम्प्लिफायर, शक्यतो आयसीवरचा नंबर घासून काढलेला. हाताला येईल तो अडॅप्टर किंवा बॅटरी. मोजदाद नसलेले स्पीकर बॉक्स. बारीक वायर, भरपूर. चिकटपट्टी. सहाव्या मोबाइलवरून सातव्यावर आलेली गाणी. आणि एक मामा. नवरदेवाचा असल्यास उत्तम.

थोडी तोंडओळख

शत्रूला मारण्याआधी तो जगतो कसा, हे माहीत असावं. विहिरीवरची मोटार पूर्ण जोरात चालू ठेवून व्हॉल्व्ह अर्धा आवळला, तर पाणी कमी येतं, पण उरलेला जोर व्हॉल्व्हवरच जिरतो. जुना एबी क्लास असा चालतो: ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहतो आणि अडवलेली वीज स्वतःच्या अंगावर उष्णता म्हणून घेतो. डी क्लासमध्ये व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. किती वेळ उघडा आणि किती वेळ बंद, यावर सरासरी पाणी ठरतं. ही उघडझाप साधारण चारशे किलोहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला चार लाख वेळा होते. पुढे कॉइल आणि कॅपॅसिटरचा हौद असतो. तो धक्के गिळतो आणि स्पीकरकडे संथ धार सोडतो.

फायदा उघड आहे. एबी क्लासची कार्यक्षमता कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही. डी क्लास प्रत्यक्षात ९० टक्क्यांच्या आसपास राहतो. स्पीकरला १०० वॅट द्यायचे तर डी क्लास साधारण १११ वॅट ओढतो आणि ११ वॅट उष्णता काढतो. एबीची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर तो १६७ ओढून ६७ वॅट नुसता तापतो. म्हणूनच एबीला मोठा हीटसिंक आणि दोन माणसांनी उचलायचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि डी क्लास एका हातात मावतो. इथेच त्याची पहिली चूक होते. जे एका हातात उचललं जातं, त्याला आपल्याकडे यंत्र म्हणत नाहीत.

पायरी १ : खोक्यावरचा आकडा खरा माना

खोक्यावर ‘३०० वॅट’ लिहिलं असेल तर ते ३०० वॅटच आहेत, असं धरून चाला. ‘पीएमपीओ’ ही अक्षरं दिसली तर आणखी निश्चिंत व्हा. त्या पद्धतीत कितीही वॅट लिहिता येतात.

ही परंपरा डी क्लासइतकीच जुनी आहे. या जातीचा बाजारात आलेला पहिला अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे १९६४ सालचा, इंग्लंडमधल्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा ‘एक्स-१०’ हा किट. नावात दहा, प्रत्यक्षात सुमारे अडीच वॅट. आपल्याकडचा ‘४४४०’ आयसी बिचारा प्रामाणिक होता. टेपरेकॉर्डरच्या पिढीतल्या प्रत्येक मेकॅनिकच्या हाताखालून गेलेला हा सान्योचा आयसी १३.२ व्होल्टवर, ब्रिज जोडणीत, १९ वॅट देतो आणि तेवढेच सांगतो. त्याला कुणी ४,४४० वॅटचा म्हणून विकला नाही, एवढंच त्या काळाचं मागासलेपण.

आता हिशेब, जो तुम्ही करायचा नाही. पुरवठ्याच्या व्होल्टेजचा वर्ग करा आणि त्याला स्पीकरच्या ओमच्या दुपटीने भागा. १२ व्होल्ट आणि ४ ओम असतील तर १४४ भागिले ८, म्हणजे १८ वॅट. ब्रिज जोडणीतल्या एका चॅनलची ही कमाल. २४ व्होल्टवर ७२. आत व्होल्टेज वाढवणारं वेगळं सर्किट नसेल, तर बोर्डवर काहीही छापलेलं असो, १२ व्होल्टच्या बॅटरीला ते वाचता येत नाही.

धोका: डेटाशीट. ती वाचली की ‘५० वॅट, २१ व्होल्टवर, ४ ओमला, १० टक्के विकृतीसह’ अशी अट दिसते आणि १० टक्के विकृती म्हणजे घोगरा आवाज, हे लक्षात येतं. त्यानंतर तुमच्या हातून अ‍ॅम्प्लिफायर मरणं कठीण.

पायरी २ : जेवायला कमी घाला

१०० वॅटच्या बोर्डला १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर लावा. १२ गुणिले २ म्हणजे २४. मागून २४ वॅट आत जातात आणि पुढून १०० बाहेर येतात, यावर श्रद्धा ठेवा.

गायकाचा आवाज येईपर्यंत सगळं ठीक चालेल. मग ढोलाचा ठोका येईल. खोल सुरांना कानाचा प्रतिसाद कमी असतो. मधल्या सुराइतकाच मोठा वाटायला चाळीस हर्ट्झच्या सुराला कितीतरी जास्त ताकद लागते. त्यात आपला कान साधा नाही. काठीच्या राजवाडी होळीला सातपुड्यातले मोठे ढोल आणि कमरेला घुंगरू बांधलेले बावा-बुध्या रात्रभर ऐकलेल्या माणसाला ठोका छातीत लागतो. तोच ठोका तो टिमलीच्या आणि रोडालीच्या गाण्यात, पिकअपवर लावलेल्या बॉक्सकडून मागतो. मागणी रास्त आहे. पण अडॅप्टर तिथे बसतो. व्होल्टेज कोसळतं, आयसी स्वतःला वाचवायला बंद होतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद. गाण्यात नसलेला एक ताल ऐकू येतो.

आता मामांकडे पाहून मान हलवा. ‘डी क्लासला बेस झेपत नाही’ हा पुरावा क्रमांक एक मिळाला. अडॅप्टरचं नाव कुणी घेणार नाही. तो सतरंजीखाली आहे.

पायरी ३ : बॉक्स वाढवत जा

८ ओमचा एक बॉक्स लावला तर अ‍ॅम्प्लिफायरला ८ ओम दिसतात. शेजारी तसाच दुसरा जोडला की ४. चार जोडले की २. बहुतेक छोटे बोर्ड ४ ओमपर्यंतचे असतात. म्हणून चारवर थांबू नका. शेजारच्या गल्लीतून भाऊंचे दोन बॉक्स आणा. करंट वाढेल, उघडझाप करणारे मॉसफेट तापतील, संरक्षण सर्किट दर मिनिटाला अडवेल. त्याला शिव्या द्या.

नवीन बोर्डमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, कारण ब्रिज जोडणीत ‘मायनस’ नावाचा प्रकार नसतो. तरीही दोन्ही चॅनलच्या काळ्या तारा एकत्र पिळा आणि गाडीच्या पत्र्याला लावा. जुन्या सेटला चालायचं. इथे थेट शॉर्ट होतं. ही या मार्गदर्शिकेतली सर्वांत जलद पायरी आहे. बाकी वाचायला वेळ नसेल तर एवढीच करा.

आवाजाच्या बाबतीतही इथे काम होतं. साध्या बोर्डमधला कॉइल-कॅपॅसिटरचा फिल्टर ठरावीक ओमसाठी मोजलेला असतो. ४ ओमसाठी मोजलेल्या फिल्टरला ८ ओमचा स्पीकर लावला की अगदी वरचे सूर थोडे उचलले जातात. उलट केलं की दबतात. मूळ तक्रारीत जे तथ्य आहे, ते इथे आहे. एकच बोर्ड एका बॉक्सवर टोकदार आणि दुसऱ्यावर मंद वाजतो, आणि माणूस बोर्डाला नावं ठेवतो.

पायरी ४ : गुंडाळा

डी क्लास तापत नाही, असं दुकानदाराने सांगितलेलं असतं. त्याचा शब्द खाली पडू देऊ नका. कमी तापतो आणि तापत नाही, यात फरक करत बसू नका. लाकडी पेटीत चारी बाजूंनी बंद करा, वर पाण्याचा जार ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो. पेटीत त्याहून वीस-पंचवीस अंश सहज वाढतात.

उष्णतेने आधी मरतो तो अ‍ॅम्प्लिफायर नव्हे, त्याच्या पुरवठ्यातला इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर. आतला ओला द्राव हळूहळू सुकतो. त्याच्या अंगावर दोन आकडे मिळतात: ८५ अंश किंवा १०५ अंश. स्वस्त मालाचं आयुष्य त्या तापमानाला साधारण २,००० तास धरतात. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, असा ढोबळ नियम आहे.

आता दोन घरं पाहा. पहिलं मांडववाल्यांचं. त्यांच्या पेटीत ७५ अंश असले तरी ८५ अंशांचा कॅपॅसिटर ४,००० तास जगेल. वर्षाला २०० तास वाजवलं तर वीस वर्षं. म्हणजे निव्वळ उष्णतेच्या भरवशावर राहिलात तर नातवाच्या लग्नापर्यंत थांबावं लागेल. म्हणूनच त्यांच्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत. दुसरं घर टीव्हीखालच्या कप्प्यात सबवूफर ठेवणाऱ्या गुरुजींचं. तो कधीच बटणातून बंद होत नाही. आत ५५ अंश धरले तर ८५ अंशांचा कॅपॅसिटर १६,००० तास टिकतो, आणि वर्षाला ८,७६० तास असतात. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत सबवूफर गुणगुणू लागतो. गाणं न वाजवता मरणारा अ‍ॅम्प्लिफायर बघायचा असेल तर हाच मार्ग.

धोका: १०५ अंशांचा कॅपॅसिटर. तेवढाच बदलला तर त्याच कप्प्यात ६४,००० तास, म्हणजे सात वर्षांहून जास्त निघतात. आणि भिंतीवरचं बटण. ते बंद केलं तर हिशेबच उरत नाही.

पायरी ५ : वीज जिथून मिळेल तिथून घ्या

डी क्लासबरोबर बहुधा एसएमपीएस जातीचा पुरवठा येतो. चांगला असेल तर ९० ते २६४ व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो. पाड्यावर संध्याकाळी दिवे मिणमिणू लागतात, जुना ट्रान्सफॉर्मरवाला सेट घुमायला लागतो, तेव्हाही हा शांतपणे वाजत राहतो. कमी व्होल्टेजने तो मरणार नाही, हे मान्य करून पुढे जा.

त्याला जास्त व्होल्टेजने मारायचं असतं. थ्री फेज लाइनवरून मांडवाची जोडणी घ्या आणि न्यूट्रलची तार नुसती पिळून सोडा. एका फेजवर हॅलोजन आणि कूलर, दुसऱ्यावर एकटा साउंड. नाचताना कुणाचा तरी पाय तारेत अडकला आणि न्यूट्रल सुटली, की दोन फेजमधले ४१५ व्होल्ट या दोन भारांत वाटले जातात, आणि ज्याचा भार हलका त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त येतं. हॅलोजन मंद होतात, साउंडवर ३०० च्या वर जातात. फट् असा आवाज येतो. लाइनवर आकडा टाकून वीज घेतली असेल तर हा प्रयोग आणखी लवकर साधतो, आणि तक्रार कुठे करावी हा प्रश्नही उरत नाही.

जनरेटर वापरणाऱ्यांनी अ‍ॅम्प्लिफायर आधी चालू करावा आणि जनरेटरचा दोर नंतर ओढावा.

धोका: घट्ट बसवलेली न्यूट्रल, जमिनीत नीट ठोकलेला अर्थिंगचा दांडा आणि एक सर्ज प्रोटेक्टर. तिन्ही एकत्र असतील त्या मांडवात तुमचा वेळ फुकट जाईल.

पायरी ६ : फिरवून आणा

तळोद्याहून धडगावला जायला चांदसैली घाट आहे. अ‍ॅम्प्लिफायर पिकअपच्या हौद्यात, टोपांच्या आणि खुर्च्यांच्या मध्ये मोकळा ठेवा. डी क्लासच्या बोर्डवर सर्वांत जड वस्तू म्हणजे आउटपुटच्या कॉइल आणि मोठे कॅपॅसिटर, आणि ते बहुधा दोन-दोन पायांवर उभे असतात. घाटातली वळणं आणि खड्डे त्या पायांच्या सोल्डरला बारीक चिरा पाडतात. मग एक चॅनल कधी वाजतो, कधी नाही, आणि थाप मारली की सुरू होतो. थाप मारणं हाच उपाय समजून ती जोराने मारत राहा.

परतीच्या वाटेवर नंदुरबारच्या मिरची पथारीजवळ गाडी उभी करा. वाळत घातलेल्या लाल मिरचीची धूळ पंख्यावाटे आत गेली की हीटसिंकवर छान थर बसतो. शहाद्याकडचा कापसाचा तंतू त्याला धरून ठेवतो. हवा थांबते. पावसाळ्यात तोच थर ओल धरतो. अ‍ॅम्प्लिफायर मग गोदामात, झाकण उघडं ठेवून, दिवाळीनंतरच्या पहिल्या मुहूर्तापर्यंत पडू द्या. उबेला येणाऱ्या पालीला मेनच्या दोन टोकांमध्ये बसायला आवडतं. ती एकदाच बसते.

धोका: फोम लावलेली पेटी, वर्षातून एकदा ब्लोअर, आणि कॉइलच्या पायाशी गोंदाचा एक थेंब.

पायरी ७ : गाणं आणि तुलना

आवाजाच्या दर्जाचा निकाल लावायचा तर गाणं तसंच हवं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं, त्याआधी कुणीतरी व्हिडिओतून काढलेलं, त्याआधी कुणीतरी मोबाइलने रेकॉर्ड केलेलं. प्रत्येक टप्प्यावर वरचे सूर थोडे गळतात; झांज पाण्याखाली वाजल्यासारखी येते. ते ब्लूटूथने, मध्ये चाळीस नाचणारी माणसं उभी करून, अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवा. बाहेर जे येईल त्याला ‘डी क्लासचा कोरडेपणा’ म्हणा.

मग जुन्या सेटशी तुलना करा. जुन्याला चांगले बॉक्स, नव्याला उरलेले. आणि दोघांचा आवाज मापाने सारखा करू नका. थोडा मोठा वाजणारा सेट माणसाला नेहमी ‘जास्त भरलेला, जास्त गोड’ वाटतो. एवढासा फरक मोठा म्हणून कळतही नाही, नुसता चांगला वाटतो. कारखान्यात तुलना करणारे लोक म्हणूनच दोन्हींची पातळी डेसिबलच्या दहाव्या भागापर्यंत जुळवतात, आणि कोणता सेट वाजतो आहे ते ऐकणाऱ्याला सांगत नाहीत. आपल्याला दोन्ही गोष्टी वर्ज्य. मामांना आधी सांगा कोणता वाजतो आहे, मग विचारा कसा वाटला.

एक गोष्ट मनातल्या मनात ठेवा. नीट बांधलेल्या आजच्या डी क्लासची विकृती टक्क्याच्या शतांश भागांत मोजतात, आणि जोरात वाजणाऱ्या स्पीकरची खोल सुरांतली विकृती टक्क्यांत. म्हणजे मांडवात जे फाटलेलं ऐकू येतं, त्यातला अ‍ॅम्प्लिफायरचा वाटा शोधायला भिंग लागेल. हे बोलून दाखवलंत तर पुढच्या लग्नाला बोलावणं येणार नाही.

पायरी ८ : आवाज वाढाव

हळदीच्या रात्री ही पायरी आपोआप येते. कुणीतरी ओरडतं, ‘आवाज वाढाव ना!’ बटण तीन वाजल्याच्या खुणेवर असतं, ते पाचवर जातं. मोबाइल, मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर, तिन्ही शेवटाला न्या.

यापुढे आवाज वाढत नाही; फक्त लहरीची टोकं छाटली जातात. छाटलेल्या लहरीची सरासरी ताकद जास्त असते आणि तिच्यात वरचे सूर नव्याने भरतात, म्हणून आधी ट्विटरची बारीक कॉइल जळते. त्यानंतर वरचे सूर येत नाहीत, म्हणून ट्रेबल वाढवला जातो.

ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबल चढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. उलट त्याच वॅटवर ९० ऐवजी १०० डेसिबल देणारा बॉक्स आणला तर नवा अ‍ॅम्प्लिफायर न घेता हीच दहापट मिळते. गावातला जुना भोंगा थोड्याशा वॅटवर शिवार गाजवत असे, ते याचमुळे. म्हणून बॉक्स बदलण्याचा विचारसुद्धा मनात आणू नका. ५०० चे १,००० करा, आणि पैसे गेल्यावर कानाला जेमतेम जाणवणारा तो ३ डेसिबलचा फरक मोठ्याने साजरा करा.

खोल बेसवर काही रचनांमध्ये आणखी एक गंमत असते. हाफ ब्रिज जातीच्या बोर्डमध्ये स्पीकरकडची ऊर्जा उलटी पुरवठ्याकडे ढकलली जाते आणि तिथलं व्होल्टेज चढतं. कॅपॅसिटर काठावरच्या व्होल्टेजचे असतील, तर जितका खोल आणि लांब सूर, तितकी त्यांची परीक्षा.

कायद्याचंही पाहा, म्हणजे पाहू नका. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर तिथल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतला जो कमी तो आकडा. कामगारांच्या कानासाठी अमेरिकेतली एक मान्य शिफारस ८५ डेसिबलला आठ तास सांगते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. १०० ला पंधरा मिनिटं उरतात. बॉक्ससमोर खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांची पंधरा मिनिटं नवरदेव घोड्यावर बसायच्या आधीच संपतात. सगळे म्हणतात, आजोबांना आताशा ऐकू येत नाही. तो दोष अजून कुणी डी क्लासवर टाकलेला नाही. जागा रिकामी आहे.

पायरी ९ : दुरुस्त करू नका, किंवा करा

अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला की फ्यूज बदला. उडाला तर जाड बदला. तोही उडाला तर तांब्याची तार घाला. फ्यूज वाचेल, बोर्ड जाईल.

मेकॅनिककडे नेलात तर तो खरं बोलण्याची शक्यता आहे. जुन्या सेटमध्ये ‘२एन३०५५’ ट्रान्झिस्टर किंवा एसटीकेचा आयसी जायचा. तो उघड्या डोळ्यांनी दिसायचा आणि साध्या सोल्डरने बदलता यायचा. आताच्या बोर्डवर पाय नसलेले बारीक भाग असतात, आयसीचं पोट खालच्या तांब्याला चिकटवलेलं असतं, ते सोडवायला गरम हवेचं यंत्र लागतं आणि नंबर घासलेला असेल तर नेमकं काय आणायचं हेच कळत नाही. दुरुस्तीची ही अडचण खरी आहे. डी क्लासवरच्या तक्रारींपैकी सर्वांत प्रामाणिक तक्रार हीच, आणि ती मांडवामागे कुणीच करत नाही. तिच्यात आवाजही नाही आणि दमही नाही. फक्त सुटा भाग न मिळण्याचा साधा व्यवहार आहे.

शंका-समाधान

*शेजारचा मिडियम वेव्ह रेडिओ खरखरतो.* छान. चार लाखांच्या उघडझापेची दुप्पट आणि तिप्पट, म्हणजे ८०० आणि १,२०० किलोहर्ट्झ, नेमकी ५३१ ते १,६०२ च्या रेडिओपट्ट्यात पडते. स्पीकरची वायर आखडली आणि धातूचं झाकण लावलं तर हे कमी होतं. न लावल्यास आजोबांना बातम्या मिळणार नाहीत. पायरी ८ मुळे तशाही मिळत नव्हत्या.

*डी क्लासची बदनामी अगदीच उगाच झाली का?* नाही. १९६४ च्या ट्रान्झिस्टरांना एवढ्या वेगाने उघडझाप झेपत नव्हती. वरचा आणि खालचा स्विच एकदम चालू राहिला तर शॉर्ट, म्हणून मध्ये क्षणभर दोघांना बंद ठेवावं लागतं. तो क्षण लांबला की आवाज खरखरीत होतो. वेगवान मॉसफेट आल्यावर तो क्षण सेकंदाच्या अब्जांशांत मोजण्याएवढा छोटा झाला. २००१ च्या सुमारास फिलिप्समध्ये ब्रूनो पुत्झेस यांनी फिल्टरच्या पुढून फीडबॅक घेणारी रचना केली, आणि स्पीकरच्या ओमवर अवलंबून आवाज बदलण्याची तक्रारही अशा अ‍ॅम्प्लिफायरमधून जवळपास गेली. बदनामी मात्र तिथेच राहिली. तिला कुणी फीडबॅक दिला नाही.

*सगळ्या पायऱ्या केल्या, तरी मरत नाही.* बोर्ड अस्सल निघाला असावा. त्यात जास्त करंट, जास्त उष्णता आणि कमी व्होल्टेज ओळखून थांबण्याची सोय असते. तो थांबला की ‘सारखा बंद पडतो’ म्हणून विकून टाका. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात पाहूनच पैसे काढतात. अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडून कुणी पाहत नाही, गिऱ्हाईक मिळेल.

निकाल कसा नोंदवावा

अ‍ॅम्प्लिफायर मेला की अडॅप्टर, वायर, जास्तीचे बॉक्स आणि मामा, सगळे बाजूला करा. डबा एकटा टेबलावर ठेवा. जो विचारेल त्याला सांगा: डी क्लास होता.

मग पैसे जमवून दोन माणसांनी उचलायचा जुना जड सेट घ्या. त्याला हेच बॉक्स, हीच वायर, हीच न्यूट्रल लावा, हाच घाट दाखवा आणि बटण मामांच्या हाती द्या. तोही एखाद्या मे महिन्यात जाईल. तेव्हा ही मार्गदर्शिका पुन्हा काढा आणि वरच्या मथळ्यातलं एक अक्षर तेवढं खोडून नवं लिहा. खालच्या नऊ पायऱ्यांत काही बदलावं लागणार नाही.